मिनिटाला अठरा

अकरावीच्या बायॉलॉजीला प्रकाशसंश्लेषणाचा एक प्रयोग असतो आणि त्याला हायड्रिला लागते. हायड्रिला म्हणजे तळ्याच्या पाण्याखाली वाढणारी मऊ, हिरवी, पायात गुंतणारी वनस्पती. दारव्ह्याच्या बाजारात ती मिळत नाही. म्हणून दर वर्षी तळ्याजवळच्या गावातल्या एखाद्या पोराला किंवा पोरीला मी सांगतो, येताना डबाभर घेऊन ये. सत्तावीस वर्षं असंच चाललंय आणि कधी काही बिघडलं नव्हतं.

या वर्षी ते काम मी अर्पिताला सांगितलं.

अर्पितानं गणित आणि बायॉलॉजी दोन्ही घेतलं होतं. वर फिजिक्स, केमिस्ट्री आणि दोन भाषा. अशा दोन दगडांवर पाय ठेवणाऱ्या मुलांना छेडायची मला जुनी खोड आहे. डॉक्टर की इंजिनिअर, असं विचारलं की बाकीची कावरीबावरी होतात. अर्पिता म्हणायची, "सर, जे आधी लागन ते." मला फार आवडायची ती पोरगी, हे आता सांगून टाकतो. नंतर सांगायला जमणार नाही.

ऑक्टोबरातला शुक्रवार होता. व्हरांड्यात आम्ही दोघंच होतो.

"सर, उद्या मॅथ्सचा टेस्ट हाये," ती म्हणाली. "सोमवारी आणली त चालन काय?"

"अर्ध्या तासाचं काम आहे. गणितं काय पळून चालली?" मी म्हणालो.

ती हसली आणि गेली. संध्याकाळी तिच्या गावच्या पाझर तलावातून तिला बाहेर काढलं.

पोलीस कॉलेजात आले. मुलगी अभ्यासात कशी होती, असं त्यांनी मला विचारलं. चांगली होती, मी म्हणालो. त्यांनी जे विचारलं नाही ते मी सांगितलं नाही. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, चौकशी लागेल, पेन्शन अडकेल, असं मी स्वतःला समजावत होतो. प्रत्येक वेळी ते कारण मला आणखी लाजिरवाणं वाटत होतं, तरी मी गप्पच राहिलो.

गाव मात्र गप्प राहिलं नाही. टेस्टला घाबरून उडी घेतली, असं काही म्हणाले. कोणी पोरगा असणार, असं उरलेले म्हणाले.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी अर्धा दिवस सुटल्यावर मी प्रयोगशाळेत एकटाच होतो. दारात एक बाई येऊन उभी राहिली. तिच्या पदराला कापसाचे तंतू चिकटलेले होते, वेचणीवरून तशीच आली असावी. अर्पिताची आई, कुंदाताई. मी त्यांना तेराव्याला लांबूनच पाहिलं होतं. जवळ जायची हिंमत झाली नव्हती.

त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढून टेबलावर ठेवला.

"काल पोलिसांनी तिचं काठावरचं दप्तर वापस देलं, सर. त्याच्यात हा डबा होता. पाहा बरं, काय हाये ते. तुमच्या विषयाचं वाटते."

सात आठवडे बंद असलेला डबा. मी श्वास रोखून झाकण काढलं. सडका वास येणार, हे मला ठाऊक होतं. पण वास आला ताज्या पाण्याचा, काठावर वाकल्यावर येतो तसा. आत हायड्रिला होती. हिरवीगार. आत्ताच खुडल्यासारखी.

"जीव द्याले गेलेली पोट्टी डब्यात गवत कायले भरन, सर?"

मी झाकण खाली ठेवलं. "पाणवनस्पती आहे ही."

"ते मले बी दिसते. तिले कायले पायजे होती?"

"पाहून... सांगतो."

त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तिच्या बापानं फोटो उतरवला. घरात नाव घेऊ देत नाही. म्हन्ते, तोंडाले काळं फासून गेली. तुमी येवढं सांगा सर, ती मराले गेलती का नाही. बाकी काहीच नको मले." सोमवारी येईन म्हणाल्या आणि गेल्या.

त्याच क्षणी मागे धावलो असतो तर बरं झालं असतं. मी बसून राहिलो. ती वनस्पती फेकवेना आणि डब्यातही बघवेना. शेवटी हाताला जी सवय होती तेच हातानं केलं. बीकरमध्ये साधं पाणी घेतलं, हायड्रिला त्यात बुडवून तिच्यावर काचेचं नरसाळं पालथं घातलं आणि नरसाळ्याच्या नळीवर पाण्यानं भरलेली परीक्षानळी उपडी ठेवली. झाला प्रयोग. सूर्यप्रकाश मिळाला की वनस्पती ऑक्सिजन सोडते, त्याचे बुडबुडे नळीत चढतात आणि मुलं ते मोजतात.

मी अजून बीकर खिडकीत नेला नव्हता. तो खोलीच्या सावलीतल्या कोपऱ्यात होता. तरी बुडबुडे येऊ लागले.

साधारणपणे ते भराभर आणि कसेही येतात. हे तसे नव्हते. एक यायचा, मग जरा उसंत, मग दुसरा. मी घड्याळ लावून मोजले. मिनिटाला अठरा. पुन्हा मोजले. अठरा.

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी स्टाफरूममध्ये आजवर भरपूर टर उडवली आहे. त्यामुळे पहिला विचार आला तो प्रयोगातल्या चुकीचा. अंधारात प्रकाशसंश्लेषण थांबतं, हे दहावीचं पोरही सांगेल. बीकर उचलून रसायनांच्या लाकडी कपाटात ठेवला, दार लावलं, फटीवर काळा कागद चिकटवला आणि तासभर वह्या तपासत बसलो.

नागोराव कुलूप लावायला आला. आमचा प्रयोगशाळेचा शिपाई, माझ्याच वयाचा, उगाच बोलणारा माणूस नाही. कपाटाशी येऊन तो थबकला.

"सर... कपाटात कोनी हाये काय?"

"काहून?"

"आवाज येऊन राह्यला जी." त्यानं कान लावला आणि लगेच मागे सरकला. "धापा नाही. झोपल्यावानी. लेकरू झोपलं का नाही, तसं..."

मी दार उघडलं. आत काळोख होता आणि त्या काळोखात बुडबुडा नळीत चढल्याचा बारीक आवाज. मग उसंत. मग पुन्हा. माणूस शांत झोपलेला असला की मिनिटाला किती श्वास घेतो, हे मी दर वर्षी मुलांना शिकवतो. मला मोजायची गरज नव्हती, तरी मोजले.

नागोराव किल्ली टेबलावर ठेवून निघून गेला.

एकच तपासणी उरली होती आणि ती करू नये असं मला आतून वाटत होतं. नळीत जमा झालेली हवा मी चुन्याच्या निवळीत सोडली. या प्रयोगात एरवी पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकतात, तोही मी टाकलेला नव्हता; गडबड होण्यासारखं काही नव्हतं. पोरं नळीनं फुंकर मारतात तेव्हा निवळी जशी दुधाळ होते, तशी झाली. वनस्पतीनं सोडलेला ऑक्सिजन नव्हता तो. कोणीतरी सोडलेला श्वास होता.

मी तिथेच खाली बसलो आणि रडलो. भीती वाटली होती, खोटं कशाला सांगू. पण भीतीनं रडलो नाही. त्या पोरीनं मी सांगितलेलं काम पूर्ण केलं होतं आणि मी तिच्यासाठी एक वाक्य बोललो नव्हतो.

सोमवारी कुंदाताई आल्या. या वेळी मी त्यांना विचारू दिलं नाही.

"ती मरायला गेली नव्हती. मी पाठवलं होतं तिला. या प्रयोगासाठी. उद्या टेस्ट आहे म्हणाली होती. मी ऐकलं नाही."

त्या स्टुलावर बसल्या.

"दीड महिना झाला, सर."

"हो."

"दीड महिना तुमाले ठाऊक होतं."

त्यांनी मारलं असतं तरी चाललं असतं. पण त्यांचं लक्ष टेबलावरच्या बीकरकडे गेलं होतं. ते काय आहे, हे मी सांगितलं नव्हतं. त्या उठल्या, वाकल्या, कान जवळ नेला. मग पदर तोंडात कोंबला.

"अशीच झोपे," त्या म्हणाल्या. "लहानपनापासून... अशीच."

बीकर त्यांनी मागितला नाही, सरळ उचलला. काळी-पिवळी जीपमध्ये तो मांडीवर घेऊन बसल्या. खड्डा आला की दोन्ही हातांनी धरायच्या. मी शेजारी होतो. गावात मी अर्पिताच्या वडिलांना, भगवानरावांना, ओसरीत उभं राहून सगळं सांगितलं. चार शेजारी ऐकत होते, त्यांच्यासाठी मुद्दाम मोठ्यानं सांगितलं. भगवानराव आत गेले. त्यांनी पेटीतून फोटो काढला, बाहीनं पुसला आणि भिंतीवर लावला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सर, आता जा तुमी." मी निघालो, तिथून थेट पोलीस ठाण्यात गेलो आणि लेखी जबाब दिला.

गुरुवारी दुपारी प्रयोगशाळेत असताना फोन वाजला. कुंदाताई.

"सर, आज तीस येऊन राह्यले मिनिटाले." आवाज घाबरलेला होता. "तापली त नसन ना?"

मला एवढंच सुचलं. "सावलीत ठेवा. पाणी बदला, माठातलं गार घ्या."

तासभर मी फोन हातात धरून बसलो. मग तो वाजला.

"अठरा," त्या म्हणाल्या. सुटकेचा श्वास मला ऐकू आला. नंतर त्या अगदी दबक्या आवाजात बोलल्या. "सर, एक इचारू? सातव्या प्रयोगावर तुमची सही राह्यली म्हने."

"कोण म्हणालं?"

उत्तराची वाट न बघता मी फोन तसाच चालू टेबलावर ठेवला आणि तपासलेल्या प्रयोगवह्यांचा गठ्ठा सोडला. अर्पिताची वही तळाशी होती. दिवाळीच्या आधीपासून ती माझ्या कुलपात होती. घरच्यांनी ती कधी पाहिलेली नाही. सहा प्रयोगांवर माझ्या लाल सह्या होत्या. सातव्याची आकृती तिनं आधीच काढून ठेवली होती: बीकर, नरसाळं, नळी, प्रत्येक भागाला नाव. निरीक्षणाचा तक्ता कोरा होता.

कोऱ्या तक्त्याखाली मी आजवर कोणालाही सही दिलेली नाही. मी लाल पेननं तक्त्यात अठरा लिहिलं आणि सही केली. मग तारखेपाशी हात थांबला. तिनं हायड्रिला खुडली तो शुक्रवार टाकू, की आजची? मी फोन पुन्हा कानाला लावला.

"कुंदाताई, सही केली. तारीख कोणती टाकू?"

पलीकडे त्यांनी तोच प्रश्न दबक्या आवाजात कोणाला तरी विचारला. मग त्या हळूच म्हणाल्या, "आजचीच टाका म्हन्ते."