धुण्याच्या दगडाचा आवाज

विश्वास ठेवा नाही तर ठेवू नका, पण यात मीठमसाला काडीचा नाही. आमच्या नयनाआत्याची हकिकत आहे ही. ऑगस्ट १९९७, गुरुवार, दुपारचे दोन. जागा बेंगळुरूचं एचएसआर लेआउट. तेव्हा तिथं घरं मोजकीच, बाकी नुसते रिकामे प्लॉट.

आत्या आणि शंतनूकाका पुण्याहून नवीनच गेलेले. बेंगळुरूतल्या एका जुन्या मराठी कुटुंबाच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचे. आत्याला तिसरा महिना सुरू होता, आणि गर्भ पडला.

तीन महिने कुणाला सांगायचं नसतं ना? म्हणून सासूबाई सोडून आनंद कुणाला कळवला नव्हता. मग दुःख तरी कुणाला सांगणार?

नर्सिंग होममधून सोडताना नर्सनं कन्नडमध्ये भराभर काहीतरी बजावलं. काका रिक्षा आणायला गेलेले. आत्याला ओ की ठो कळलं नाही. तरी बाईसाहेब मान डोलवत 'सरी, सरी', म्हणजे 'बरं, बरं', म्हणत राहिल्या!

पाचव्या दिवशी काका कामासाठी हैदराबादला गेले. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "अंगावरून जातंय ना? जाऊ दे. पोट साफ होतं."

आत्या पडून राहिली. थंडी वाजत होती. तासाला दोन-दोन पॅड भिजत होते. इतकं एकटं तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

आणि मागच्या अंगणातून आवाज आला...

थप... थप...

धुण्याच्या दगडावर कुणीतरी कपडे आपटत होतं.

भिंत धरत ती खिडकीशी गेली. अंगणात कुणी नव्हतं. दगड कोरडा ठणठणीत.

थप... थप...

आता आवाज जिन्यावर होता.

मग थांबला.

दारात नऊवारीतली एक बाई उभी. हात कोपरापर्यंत ओले. उंबरा काही ओलांडेना.

"तासाला किती बदलतेस?"

"दोन."

"ताप?"

"आहे."

"वास येतो?"

आत्या लाजेनं अर्धी झाली. "येतो."

"मग झोपू नकोस, माझे बाई. स्वल्प, जराशी ऊठ. खाली अनुसूयेला हाक मार. लाज सोड!"

आत्या बसत-घसरत जिना उतरली. दार बडवलं. घरमालकीण अनुसूयाक्कांनी तिला पाहिलं आणि तशीच रिक्षात घातली. आत काही राहिलं होतं, त्याचं विष अंगात भिनायला लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळ झाली असती तर ही हाती लागली नसती.

चार दिवसांनी आत्यानं विचारलं, "अक्का, तुमच्याकडे धुणं धुणाऱ्या त्या बाई कोण?"

अक्कांनी चमकून पाहिलं. "धुणं? अगं, तो दगड जुन्या शहरातल्या, चिकपेटेतल्या आमच्या घरचा. आम्ही तो वापरतच नाही."

मग हळूच म्हणाल्या, "माझी नणंद, वसुमती. तिचंही असंच तिसऱ्या महिन्यात गेलं. कुणाशी बोलली नाही. त्या दगडावर कपडे चोरून धुवायची. एका दुपारी झोपली... उठलीच नाही गं."

आत्यानं वर्षभरात ते घर सोडलं. आता पुण्यात चौथ्या मजल्यावर राहते. तिथं कुठला आलाय धुण्याचा दगड?

गेल्या महिन्यात, दुपारी दोनला, तिच्या बाल्कनीतून आवाज आला...

थप... थप...

तिनं घरातल्या एकेका पोरीला फोन लावायला घेतला. तिसरा फोन मला आला.

"खरं सांग," आत्या म्हणाली. "तासाला किती?"

मी पांघरुणात कुडकुडत होते. तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं.