फडक्यातलं विरजण

चंद्रावरच्या वसाहतीत चार दिवस दही लागत नव्हतं. विरजण लावणारे दत्ताराम आजोबांनी चाळीस वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं होतं, त्यामुळे ते चांगलेच खजील झाले होते.

दहा वर्षांच्या केतकीला दह्याचं काहीच वाटत नव्हतं. वर्षभर नळीतला पौष्टिक लगदा खाऊन ती उंच झाली होती, पण हसणं विसरली होती. झोप नाही, खेळात मन नाही. असंच चाललं तर पुढच्या यानाने तिला पृथ्वीवर धाडावं लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. आईची नोकरी इथेच. त्या धास्तीने आईचे वडील, म्हणजे दत्ताराम आजोबा, म्हातारपणी इथवर आले होते. सोबत विरजणासाठी दह्यात बुडवून वाळवलेलं एक फडकं.

"मी वसतिगृहात निघालो तेव्हा आईने असंच फडकं ट्रंकेत घातलं होतं," आजोबा म्हणाले. "परगावी पहिल्यांदा दही लागलं ना, तेव्हा मी रडलो होतो."

"पण लगद्यात सगळी जीवनसत्त्वं आहेत. मग मला उदास का वाटतं?"

"लगदा तुला पोसतो, तुझ्या भाडेकरूंना नाही. आतड्यात अब्जावधी सूक्ष्मजीव (डोळ्यांना न दिसणारे जीव) राहतात. भाकरीतला, भाजीतला चोथा (आपल्याला न पचणारे तंतू) हे त्यांचं जेवण. त्यातून ते उपयोगी रसायनं बनवतात. शिवाय पोटातून मेंदूपर्यंत एक लांबलचक चेता (निरोप नेणारी नस) जाते. पोटाची खुशाली मेंदूला कळत राहते. मन उदास व्हायला इतरही कारणं असतात, पण हेही एक असू शकतं."

विरजणातही असेच जीव असणार, आणि रात्री ते भांडं स्वयंपाकघरात असतं, हे केतकीच्या लक्षात आलं. मग तिने यंत्रमानव आचाऱ्याला हाक मारली. "बल्लव, विरजणाचं तू काय करतोस?"

"उकळतो," बल्लव अदबीने म्हणाला. "त्यात फार जंतू सापडले."

आजोबांनी कपाळावर हात मारला. आता फडक्याचा एकच कोपरा उरला होता. केतकीने तो स्वतः कोमट दुधात बुडवला आणि भांड्याजवळ राखण करत बसली. सकाळी दही घट्ट लागलं होतं.

मग रोज दही, काचघरातली भाजी, ज्वारीची भाकरी आणि आजोबांच्या गावच्या गप्पा. हळूहळू झोप लागू लागली. महिन्याभराने डॉक्टरीणबाईंनी तिचं नाव यानाच्या यादीतून काढलं.

त्या यानाने आजोबा परत निघाले. निरोप देताना केतकीला रडू आलं, पण तिने आधीच त्यांच्या पिशवीत एक वाळवलेलं फडकं घातलं होतं.

"आता पृथ्वीच तुमचं परगाव. तिथे दही लागलं पाहिजे ना, आजोबा," ती म्हणाली.