पाटा गेला, वरवंटा राहिला

लोटू, तू फक्त ऐक. मध्ये हसायचं नाही.

सच्ची गोष्ट आहे. माझ्या घरातली. मागच्या मे महिन्यात, आमच्या बुधवाऱ्यातल्या घरी. दिवेलागणीची वेळ होत आली होती.

ललितभैयाची बदली झाली ना इंदौरला, आम्ही सगळेच निघालो होतो. तिथला फ्लॅट एवढुसा. मग सामान विकायला काढलं. मी मोबाईलवर फोटो टाकत होतो, लोक येऊन उचलत होते. कूलर गेला. सोफा गेला. लोखंडी पलंग पण गेला.

जसोंडीच्या रंभाबाईंनी पाटा-वरवंटा मागितला. त्यांचा भाचा समाधान लोडिंग रिक्षा घेऊन आला. रंजिता वहिनीनं पाटा दिला... पण वरवंटा ठेवून घेतला.

का, तर गोटूच्या बारशाला तोच होता. आपल्यात नाही का, आधी वरवंट्याला टोपरं घालून पाळण्यात निजवतात, मग बाळाला. वहिनी म्हणे, हा माझ्या गोटूचा मोठा भाऊ, याला मी विकणार नाही. भैया म्हणे, मग हा ज्या बॅगेत जाईल ती तूच उचल.

समाधान जाताना एवढंच बोलला की मावशी रागावेल.

थोड्या वेळानं रंभाबाईंचा फोन आला. मीच उचलला.

"भाऊ, माय आली माझ्याकडं. तिचं लेकरू कुठं आहे?"

मला कळेचना. मग त्यांनी सांगितलं, पाटा माय, वरवंटा तिचं लेकरू. दोघांना कधी तोडत नाहीत. दिवे लागायच्या आत आणून दे म्हणाल्या.

वहिनीला सांगितलं तर ती हसली. उद्या बघू भाऊजी, आता पॅकिंग करू द्या.

पलंग नव्हता, म्हणून गोटूला आतल्या खोलीत खाली गादीवर निजवलं होतं. रांगायलाही लागला नव्हता तो तेव्हा.

आणि लाइट गेली.

रिकामं घर कसं वाजतं माहीत आहे ना? श्वास घेतला तरी घुमतो.

मग...

खर्र... खर्र...

स्वयंपाकघरातून. दगडावर दगड. कुणीतरी वाटत होतं.

भैया दारात खोक्यावर बसलेला. वहिनी माझ्यासमोर, हातात टेप.

मग आत कोण?

वास आला. ओल्या मिरची-लसणाचा. एकदम ताजा. आमचे तर सगळे डबे बांधून झालेले, यार.

मी टॉर्च लावला. आवाज थांबला.

वहिनी आधी गोटूकडं धावली. पांघरूण नीट होतं. टोपरं दिसत होतं. तिनं उचललं...

वरवंटा.

टोपरं घातलेला. आणि गरम, रे. झोपलेल्या पोरासारखा गरम. कसम से, मी हात लावून पाहिलाय.

आम्ही टॉर्च घेऊन घरभर धावलो.

गोटू स्वयंपाकघरात सापडला. जिथं पाटा असायचा, बरोबर तिथं. उघड्या फरशीवर निजलेला. फरशी ओली. कपाळावर लाल बोट ओढलेलं... मिरचीचं.

पण पोरगं रडत नव्हतं. डोळे उघडे, शांत.

भैयानं वरवंटा पिशवीत घातला. मी बाईकवर मागं बसलो, तडक जसोंडी. रंभाबाईंनी पिशवी हातातून घेतली. वरवंटा पाट्यावर निजवला, वरून लुगड्याचा तुकडा घातला. जा आता म्हणाल्या.

आम्हाला वाटलं, सुटलो.

इंदौरला सगळं ठीक होतं. गोटू दूध पितो, बघतो, हसतोसुद्धा.

फक्त रडत नाही.

सुई टोचली तरी नाही. पायरीवरून पडला तरी नाही. डॉक्टर म्हणतात, नशीबवान आहात. वहिनी त्याला उन्हात घेऊन बसते आणि मला विचारते, भाऊजी, याचं अंग गार का लागतं हो?

परवा रंभाबाईंचा फोन आला. मागून आवाज येत होता... तान्ह्या पोराच्या रडण्याचा. मी विचारलं, पाहुणे आलेत का घरी?

"पाहुणे नाहीत, भाऊ. पाट्यावरून येतंय. दिवे लागले की सुरू होतं."

मी तो आवाज ओळखला, लोटू. रात्र रात्र खांद्यावर घेऊन फिरवलंय मी त्याला.

वहिनीला अजून सांगितलं नाही. सांगितलं तर ती आहे तशी जसोंडीला पळेल. त्या दगडाला उराशी धरेल. आणि मग घरात जो आहे, त्याला कोण घेईल?

रोज संध्याकाळी तो मांडीवर येऊन बसतो माझ्या. नुसता बघतो.

माझ्या जागी तू असतास तर सांगितलं असतंस वहिनीला?