एकाच फांदीचा जुनिपर

आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, हवी तर पैज लावा! गेल्या फेब्रुवारीत आपल्याच सोसायटीत, एकोणिसाव्या मजल्यावर, कटरचा असा ‘कट्’ आवाज झाला की लिफ्ट जागच्या जागी थांबली, आणि अर्ध्या गुरुग्रामची कबुतरं उडून थेट करोल बागेत जाऊन बसली... हसा, खुशाल हसा!

कटर होता आपल्या वीणाच्या हातात, आणि समोर तिचा जुनिपर. कुंडीतला बोन्साय, हिरव्या छत्रीसारखा गच्च भरलेला. दिल्लीचा उन्हाळा या झाडाला मानवत नाही. मे महिन्यात कुंडीभोवती ओलं गोणपाट बांधून, पोटच्या पोरासारखा जगवलेला! आईवडील अकाली गेले, तेव्हा धाकट्या परीक्षितसाठी वास्तुकलेचं शिक्षण अर्ध्यावर टाकून देणाऱ्या त्या माउलीपाशी स्वतःचं म्हणावं असं हेच एक उरलं होतं... आणि त्या रविवारी सकाळी चहाचा ट्रे घेऊन येताना तिच्या कानांवर काय पडलं? परीक्षित बायकोला सांगत होता, “देविका, ऑफिसातल्या सरांना तो बोन्साय फार आवडलाय. आज संध्याकाळी येतायत, तेव्हा देऊन टाकू. मी प्रॉमिस केलंय.”

“ताईंना विचारलंस?”

“ताईला काय विचारायचं, यार! ती कधी नाही म्हणालीय?”

ट्रे हातात तसाच राहिला. हृदयाच्या कुठल्याशा अज्ञात कोपऱ्यात काहीतरी तडकलं! (तिच्या मनातलं मला कसं ठाऊक, असं विचारू नका. मला ठाऊक असतं.) कधी नाही म्हणाली नाही, हेच का तिच्या आयुष्याचं सार? ती रडली नाही. चहा टेबलावर ठेवला, बाल्कनीत गेली, आतून कडी घालावी तसं दार ओढून घेतलं, आणि कटर उचलला.

जुनिपरचं एक असतं, मंडळी. उघड्या पडलेल्या लाकडावर पुन्हा हिरवं फुटत नाही. कापलं ते कापलं! तरी ती कापत गेली. खालच्या फांद्या गेल्या, मधल्या गेल्या. दोन खुंटांची साल सोलून तिने हाडासारखं पांढरं लाकूड उघडं केलं. उरलं काय? एक बारीक, वाकडं, उंच खोड, आणि शेंड्याजवळ एकुलती एक फांदी.

परीक्षित धावत आला. “ताई! काय केलंस हे? पूर्ण टकलं केलंस झाडाला!”

“याला लिटराटी म्हणतात. पंडितांचं झाड. जुने चिनी पंडित चित्रात काढायचे ना कड्यावरचं एकटं झाड, तसं.”

“सरांना काय देऊ मी आता?”

“मिठाई दे.”

मागोमाग आलेली देविका पदराआड हसली. पण परीक्षितचा चेहरा उतरला. “असा राग? एका झाडासाठी?”

“परीक्षित, आजवर जे दिलं ते मी होऊन दिलं. हे तू परस्पर वाटायला निघालास! खूप वर्षांपासून मला हे झाड असंच करायचं होतं. तुम्हा सगळ्यांना गुबगुबीत आवडायचं, म्हणून थांबले. आता नाही थांबणार.”

आणि मग पहिल्यांदाच परीक्षितची नजर त्या खोडाकडे गेली. पानांनी इतकी वर्षं झाकलेला एक बाक होता तिथे, मान वळवून कुणाकडे बघावं तसा.

“हा बाक कसा आला?”

“तुझ्या बारावीच्या वर्षी कुंडी गच्चीत पाण्याच्या टाकीमागे राहिली. रोज फिरवायला हवी होती. मला जमलं नाही. मग ते आपलं आपण उजेडाकडे वळलं.”

परीक्षित मटकन खाली बसला. त्या बाकावरून त्याने हळूच बोट फिरवलं, आणि काय सांगू, मंडळी! त्याच्या नेत्रांतून अश्रूंच्या धारा लागल्या, “ताई, मला क्षमा कर!” असा टाहो त्याने फोडला, आणि त्या वात्सल्यमूर्तीचं अंतःकरण द्रवलं! तिने भावाला उराशी धरलं, आपलं सर्वस्व असलेली ती कुंडी उचलली, आणि थरथरत्या हातांनी त्याच्या ओंजळीत ठेवत म्हणाली, “ने बाळा... तुझ्या साहेबांना दे... तुझ्या सुखातच माझं...”

“खोटं! साफ खोटं, अण्णा!” मागच्या खुर्चीवरून वीणाच ताडकन उभी राहिली. “कुंडी मी दिलीच नाही! अजून माझ्याच बाल्कनीत आहे, वर येऊन बघा. परीक्षितने माझ्यासमोर साहेबांना फोन लावला आणि सांगितलं, ‘सॉरी सर, झाड ताईचं आहे, मिळणार नाही.’ आणि टाहो कुणी फोडला हो? मी फांदीला तार गुंडाळत होते, तो खोड धरून बसला होता. ‘हलू नकोस’ म्हटलं, तर संध्याकाळपर्यंत हलला नाही!”