आधी दिवा, मग आवाज

मंगल कार्यालयात स्पीकरसमोर मोबाइल धरून मी उभी होते, तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं,
"मॅडम, त्याला ताप हाय का?"
"आवाज मोजतेय. एकशे चार डेसिबल."
"मग बराय की! लग्नाला एवढा लागतोयच."
मी वळले. खांद्यावर वायरचं वेटोळं, कानामागे टेस्टर... आणि हसरे डोळे.
"मी आदगोंडा, साऊंडवाला. तासगावचा. नाव आजोबांचं हाय, हसू नका."
मी हसले नव्हते. निदान तोपर्यंत.

पुढच्या आठवड्यात याच कार्यालयात ताईचं लग्न होतं, आणि साऊंड त्याचाच होता. म्हणून त्याला सगळं सांगितलं. माझ्या धाकट्या भावाचं नाव अतिशय. तो स्वमग्न आहे. तो टॅबलेटवरच्या चित्रांवर बोट ठेवून बोलतो. अचानक मोठा आवाज झाला, की त्याला मार बसल्यासारखं होतं. मावसभावाच्या लग्नात बँड वाजला आणि तो पळाला. शेवटी उसाच्या ट्रॉलीखाली सापडला. तरी या वेळी त्यानं स्वतःहून तीन चित्रं दाबली होती — ताई. अक्षता. मी.

आदगोंडानं स्पीकर बंद केला.
"आवाज बारीक करू?"
"करा. पण मुख्य म्हणजे अचानक नको. त्याला आधी कळायला हवं."
"मग आधी दिवा, मग आवाज," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो एक पिवळा दिवा घेऊन सांगलीला आमच्या घरी आला. दिवा लागला, की अतिशयनं कान झाकणारा हेडफोन घालायचा. मग सनई, बारीक आवाजात. रोज थोडी मोठी. स्टेजमागची खोली आम्ही त्याच्यासाठी ठेवली. तिथं मंद उजेड आणि त्याची जड गोधडी.

आदगोंडा मात्र सराव संपला तरी येत राहिला.
"दिव्याची बॅटरी बघायला आलतो."
"काल बघितली की!"
"बॅटरीचा काय भरवसा, मॅडम..."
आतून आई म्हणाली, "चंदना, बॅटरीवाल्याला चहा दे गं!"
त्याचे कान लाल झाले. माझेही झाले असणार. ते मोजायचं यंत्र माझ्याकडे नव्हतं.

लग्नाच्या दिवशी अतिशय मुठीत अक्षता धरून पहिल्या रांगेत उभा होता. उपाध्ये शेवटचं मंगलाष्टक म्हणत होते. 'सावधान' म्हटल्याबरोबर बँड वाजायचा, ही आमच्याकडची रीत. बँडमास्तर बाळासोंना दहादा बजावलं होतं, दिव्याची वाट बघा म्हणून. पण हाताची सवय — 'सावधान' आलं आणि त्यांनी ट्रम्पेट ओठाला लावला.
दिवा लागला नव्हता. हेडफोन अतिशयच्या गळ्यातच होता.
आदगोंडानं झेप घेतली आणि आपला फेटा ट्रम्पेटच्या तोंडात कोंबला. फुस्स!
"आरं गड्या, माझं वाद्य हाय ते!" बाळासो ओरडले.
"व्हय मामा, पर दिवा कुठं लागलाय?"
मांडव हसला. दिवा लागला. अतिशयनं सावकाश हेडफोन घातला, दोन पावलं पुढं गेला आणि सगळ्या अक्षता ताईच्या डोक्यावर टाकल्या. मग बँड वाजला. ताई रडत होती. मीही.

संध्याकाळी कार्यालय रिकामं झालं. वायरी गुंडाळता गुंडाळता आदगोंडानं तोच दिवा माझ्यासमोर ठेवला आणि लावला.
"आता काय वाजणार आहे?" मी विचारलं.
"मोठं हाय... आधी सांगितलेलं बरं."
"कान झाकू?"
"नको. ऐक."
रोजचं 'मॅडम' कुठं गेलं, कोण जाणे. त्यानं घसा खाकरला, वायरीकडे पाहिलं, आणि मला जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाला, "चंदना... तू मला लय आवडतीस."
मी मोबाइल काढला. स्पीकरसमोर धरला होता तसा त्याच्यासमोर धरला.
"किती भरलं?" त्यानं घाबरून विचारलं.
"नीट मोजता आलं नाही," मी म्हणाले. "जवळ ये... आणि परत म्हण."