बिनकुलपाची लिंक

बस गं पोरी अशी, पंख्याखाली. उद्यापासून नोएडाच्या त्या ऑफिसात जाणार ना तू? मग चहा उकळेस्तोवर एक गोष्ट ऐकून जा. प्रेमाची आहे. दुसऱ्या कुणाला सांगितली तर म्हणेल, यात प्रेम कुठंय, ही तर ऑफिसची कटकट! तुला कळेल.

तर आपला सुधन्वा. दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात वाढलेला. पोरगा हुशार, पण खोड एकच, सगळं सोमवारवर ढकलायचं. नळ गळतोय? सोमवारी बघू. केस वाढलेत? सोमवारी बघू. आई म्हणायची, "याचं लग्नसुद्धा सोमवारीच लागणार, आणि तो सोमवार काही उजाडायचा नाही."

दोन हजार सतराचा मे महिना. तेव्हा मेट्रो नोएडा सिटी सेंटरपर्यंतच, पुढं सेक्टर बासष्टच्या ऑफिसला शेअर ऑटो. त्या दिवशी अशी आंधी सुटली म्हणतेस! आभाळ पिवळंजर्द, डोळ्यांत वाळू, आणि समोर बसलेल्या पोरीची ओढणी उडाली ती थेट सुधन्वाच्या तोंडावर.

"आयला!" हा ओरडला.

ओढणी ओढता ओढता ती थबकली. "अय्या... मराठी?"

"हो. म्हणजे... बिल्कुल."

"बिल्कुल म्हणणारा मराठी! कुठले हो तुम्ही?"

"दिल्लीचाच."

"तरीच," म्हणाली आणि हसली. ओठांवर धूळ बसलेली, तरी हसली. झालं! आमचा गडी तिथंच गार.

ही रेवती. परभणीची. कलेक्टर व्हायला दिल्लीत आली, परीक्षा दिल्या, नाही जमलं. घरी स्थळं बघून ठेवलेली. तिनं बापाला सांगितलं होतं, हाताला काम आहे तोवर मी इथं, काम संपलं की तुमच्या मनासारखं. आणि काम मिळालं ते नेमकं सुधन्वाच्या ऑफिसात. कंत्राटावर.

काम काय, तर कंपनीचं सॉफ्टवेअर कसं वापरायचं त्याचं एक जाडजूड पुस्तक, कम्प्युटरातच. पानोपानी दुसऱ्या साइटींच्या लिंका, सगळ्या जुन्या. त्या पत्त्यांत एचटीटीपीच्या शेवटी एक एस लावायचा. सुधन्वानं मला समजावलं ते असं, की पत्ता तोच, घर तेच, फक्त दाराला कुलूप. वाटेत कुणी डोकवायचं नाही. मला पटलं. आणि ऑफिसचा नियम असा, की एकानं बदलायचं, दुसऱ्यानं उघडून तपासायचं. बदलणारी रेवती, तपासणारा हा. एक कम्प्युटर, दोन खुर्च्या.

"लागलं कुलूप?"

"लागलं. हिरवं."

"मग चेहरा असा का रे?" तोवर अहोचं अरे झालेलं.

"चेहरा असाच आहे माझा."

"अरेरे... त्याला नाही का कुठं एस लावता येत?"

रोज एकच पान. एखादी लिंक लागली की पेनाचं टोपण ती त्याच्या मनगटावर टकटक वाजवायची. पुढची लिंक. टकटक. खिडकीबाहेर नव्या टॉवरांच्या क्रेन फिरत असायच्या, आणि ह्याचं लक्ष त्या टोपणाकडं.

"यार, फार हळू होतंय ना आपलं?" त्यानं एकदा विचारलं.

"तुला घाई आहे?"

"मला?... नाही."

"मग गप तपास."

एक दिवस एक पान निघालं. परदेशातल्या कुठल्याशा म्हाताऱ्या प्रोफेसरचं. तारखा कशा लिहाव्यात ते सांगितलेलं, आणि कोपऱ्यात त्याच्या मांजरीचा फोटो. एस लावला की पान उघडायचंच नाही. म्हाताऱ्यानं कुलूपच बसवलेलं नव्हतं.

"बिचारा," रेवती म्हणाली, "दार उघडं टाकून बसलाय. कुणीतरी यावं म्हणून."

सुधन्वा तिच्याकडं बघत राहिला. ओठांवर आलं होतं सगळं.

"बोल की," ती हळूच म्हणाली.

"सोमवारी बघू..." हा म्हणाला. "लिंकेचं."

"लिंकेचंच ना," ती म्हणाली, आणि पेनाला टोपण लावून टाकलं.

त्याच आठवड्यात ऑफिसात कुजबुज उठली, एक पक्की जागा निघणार. सुधन्वाच्या डोक्यात चक्र फिरलं. रेवतीचं काम वेळेआधी पुरं झालेलं दिसलं तर वरच्या खुराना मॅडम तिलाच घेतील. ती पक्की झाली की परभणीचं नावच नको. मग सांगू सगळं निवांत. रविवारी दुपारी, आई पुरणपोळ्या लाटत असताना, पठ्ठ्यानं कम्प्युटरला एक हुकूम लिहिला आणि अख्ख्या पुस्तकातल्या लिंका एका फटक्यात बदलल्या. रेवतीच्या नावानं मॅडमला धाडूनही दिल्या. जन्मात पहिल्यांदा पोरानं सोमवारची वाट बघितली नाही, आणि बघ कुठं!

सोमवारी खुराना मॅडम खूश. "वाह रेवती! पूरा हो गया? चलो, फिर आज तुम्हारा फाइनल कर देते हैं."

"परमनंट, मॅडम?" सुधन्वाच मधे बोलला.

"परमानेंट तो ऊपर से किसी का नाम आ गया. काम के लिए रखा था, काम खत्म."

रेवती त्याच्याकडं वळली. "तू केलंस?"

"तुझ्यासाठी... मला वाटलं..."

"मला विचारलंस?"



दोनच दिवसांनी, दुपारच्या सचखंड एक्स्प्रेसनं ती परभणीला निघाली. नवी दिल्ली स्टेशनवर हा खिडकीच्या गजाला धरून उभा. ऊन इतकं की गज पोळत होते, पण हात सोडवेना.

"ती युक्ती मला पहिल्याच दिवशी येत होती," रेवती म्हणाली. "दहा मिनिटांचं काम होतं ते."

"मग... रोज एकच पान?"

"ते तुझं तू ओळख." तिनं टोपण काढलं, त्याच्या बोटांवर टकटक केलं. डोळे भरलेले. "अजून गाडी उभी आहे, सुधन्वा. मी उतरू शकते. बोल."

"मी आमच्या बाबांशी बोलतो. मग येतो परभणीला. बिल्कुल येतो..."

"कधी?"

आणि सवयीनं, अगं नुसत्या सवयीनं, त्याच्या तोंडून निघालं, "सोमवारी..."

ती हसली. आंधीतल्यासारखीच. गाडी हलली.

गेला नाही का? गेला की. चार सोमवार उलटल्यावर. तोवर तिथं सुपारी फुटलेली. दारातूनच चहा घेऊन परत आला. नवरा चांगला मिळालाय तिला म्हणतात. असू दे बाई, चांगलाच असू दे.

ऑफिसात परतला तेव्हा त्याला दिसलं, त्या एका फटक्यात म्हाताऱ्या प्रोफेसरचं पानही बंद पडलंय. त्यानं हातानं तेवढा एक एस काढला. पान उघडलं. मांजर होतं तिथंच.

आता त्या म्हाताऱ्याच्या पानालाही कुणी कुलूप बसवलंय. दर वर्षी एखादं नवीन पोर येतं आणि म्हणतं, सर, ही एक लिंक बिनकुलपाची राहिली. सुधन्वा म्हणतो, सोमवारी बघू.

घे, चहा घे. आणि पोरी, उद्या तुझ्याही हाती तेच पुस्तक येईल, तुझ्याही नजरेला ती लिंक पडेल. तेवढी एक राहू दे गं. त्याला विचारूही नकोस.