मला ताई न म्हणणारा मिस्त्री

प्रेमाची सुरुवात नजरेतून होते, हे सनातन सत्य आहे. माझ्या बाबतीत ती निम्म्याच नजरेतून झाली, कारण दुसरा डोळा त्यानं मिटून घेतला होता.

मी लाकडाच्या वखारीत शिरले तेव्हा समोर एक माणूस लांबलचक फळी धरून उभा होता. फळीचं एक टोक त्याच्या गालाला टेकलेलं, दुसरं थेट माझ्या दिशेनं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि डावा डोळा मिटला. सावकाश. अगदी मन लावून.

मी विमा कंपनीत काम करते. लोकांनी मागितलेली भरपाई त्यांना का मिळणार नाही, हे सभ्य भाषेत कळवण्याचा मला पगार मिळतो. त्यामुळे आवाज चढवायची वेळ माझ्यावर सहसा येत नाही.

"घरी आई-बहिणी नाहीत का?" मी सभ्य भाषेत विचारलं.

"आहेत की," तो म्हणाला. डोळा अजून मिटलेलाच. "पण फळीला बाक आहे की नाही ते त्यांना कळत नाही. जरा सरका बघू, उजेड अडतोय."

फळी सरळ आहे का हे असं एका डोळ्यानं बघतात, ही माहिती मला वखारवाल्यानं पुरवली, मिशीत हसत. स्वाभिमानी नायिका अशा वेळी तडक निघून जातात. मला जाणं परवडणारं नव्हतं. घरामागे लाकडी ओटा बांधून हवा होता, आणि आधीचे सुतार 'उद्या नक्की' म्हणून जे गेले होते, त्यांचा उद्या अजून उजाडायचा होता.

"बाहेरचं काम करणारं कुणी आहे का?" मी वखारवाल्याला विचारलं. "ऊन-पाऊस सोसेल असं हवंय."

"लाकूड की सुतार?" फळीमागून आवाज आला.

"दोन्ही."

"लाकूड मी आणतो. सुतार समोर उभा आहे."

"वेळेवर येणारा हवाय."

"मग अवघड आहे," तो म्हणाला, आणि फळी खाली ठेवून दोन्ही डोळे उघडले. "...पण येतो."

डोळे बरे होते. ही नोंद मी तेव्हाच केली आणि तेव्हाच फेटाळली.

ओटा मला हवा होता तो आत्यासाठी. आई-वडिलांच्या मागे मला आत्यानं वाढवलं. ती शाळेत खेळाची शिक्षिका होती. सबंध गाव तिच्या शिट्टीवर धावून मोठं झालं. मग एकदा ती जिन्यावरून पडली, पाठीच्या कण्याला मार बसला आणि पाय जे रुसले ते रुसलेच. तेव्हापासून ती चाकाच्या खुर्चीत होती आणि घराबाहेर पडलेली नव्हती. मागचं दार उघडलं की उंच पायऱ्या, आणि पायऱ्यांच्या पलीकडे तिनं लावलेलं लिंबाचं झाड. ते झाड ती खिडकीतून बघायची. कुणी उचलून नेतो म्हटलं की म्हणायची, "मी काय सतरंजी आहे?"

तेव्हा मी ठरवलं होतं. आत्या स्वतःच्या हातानं चाकं फिरवत, कुणाला न विचारता त्या झाडापर्यंत जाणार. मी हट्टी आहे. तो गुण घरातूनच आलाय.

आत्याची अट एकच होती. "त्या सुताराला काही सांगायचं नाही. लोकांना कळलं की ते माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागतात. जसं काही पाय गेले म्हणजे कानांना त्रास होतो."

त्यामुळे तो यायच्या आधी आम्ही चाकाची खुर्ची कपाटामागे चादरीखाली दडवायचो, आणि आत्या खिडकीतल्या लाकडी खुर्चीत पायांवर शाल घेऊन बसायची. महाराणी सैन्याची पाहणी करायला बसावी तशी.

पहिल्या दिवशी तो वेळेवर आला. मी घड्याळ तपासलं. घड्याळ बरोबर होतं.

"ओटा दाराच्या फरशीच्या अगदी बरोबरीनं हवा," मी सांगितलं.

"हो हो," तो म्हणाला. सुताराचं 'हो हो' आणि माणसाचं 'हो' यांत फरक असतो, हे मला पुढं कळायचं होतं.

"नमस्कार आजी!" त्यानं खिडकीकडे बघून हात जोडले.

कर्कश्श शिट्टी वाजली. लिंबावरचे पक्षी उडाले.

"आजी कोणाला म्हणतोस? केस पांढरे झालेत, वय नाही."

"चुकलो... आत्याबाई."

"हां. कामाला लाग."

मग रोज सकाळी मागच्या अंगणात करवतीचा आवाज आणि ओल्या लाकडाचा वास. ऑफिसला निघायच्या आधी मी चहाचा कप कठड्यावर ठेवायची. तो कप उचलताना माझ्याकडे बघायचा नाही, आणि मी तो बघत नाही हे बघायची नाही. हे काम दिसतं तितकं सोपं नाही.

"तुमच्या ऑफिसात सगळ्यांनाच नाही म्हणता?" त्यानं एकदा विचारलं.

"अर्ज बघून."

"आणि अर्ज चांगला असला तर?"

"मग आणखी बारकाईनं बघतो."

तो हसला आणि फळीवर रंधा फिरवायला लागला. त्या फळीवर आधीच रंधा मारून झालेला होता.

एक गोष्ट आत्याच्या आधी लक्षात आली. संध्याकाळी मी तिचे केस विंचरत होते.

"हा तुला ताई म्हणत नाही," ती म्हणाली.

"मग काय म्हणतो?"

"काहीच नाही. शेजारीण डोकावली तर ताई. फोनवर कोणी असलं तर ताई. 'हो ताई, उद्या नक्की ताई.' तुझ्याशी बोलताना नुसतं... 'अहो'."

"विसरत असेल."

"माप विसरत नाही, ते बरं?"

मी कंगवा जरा जोरात फिरवला असावा. ती ओरडली.

ओटा अर्धा झालेला असताना एका सुट्टीच्या दुपारी अवचित पाऊस आला. न विचारता, न गरजता, ताटात धान्य ओतावं तसा. अंगणात फळ्यांची चळत उघडी पडली होती. मी पळत गेले. ताडपत्रीचं एक टोक त्यानं धरलं, दुसरं मी, आणि वारा इतका की आम्ही दोघंही तिच्याखालीच अडकलो. निळा उजेड. वर थेंबांचा ताशा. त्याच्या मनगटावर लाकडाचा भुसा चिकटून बसलेला.

"टोक सोडू नका," तो म्हणाला.

"सोडत नाही मी. कशाचंच."

"दिसलंय ते..."

"भिजलात तुम्ही."

"तुम्ही पण. तुमच्या... कानाजवळ भुसा आहे."

त्यानं हात उचलला. मधेच थांबवला. भुसा मीच काढला, आणि भलत्याच कानाजवळून काढला.

खिडकीतून शिट्टी. "लाकूड झाकताय की स्वतःला?"

इथपर्यंत सगळं कथेत असतं तसं चाललं होतं. मग शेवटच्या फळ्या बसल्या. मी ऑफिसातून आले, मागचं दार उघडलं, आणि पाऊल टाकलं ते अंदाजापेक्षा खाली गेलं.

ओटा दारापेक्षा पायरीभर खाली होता.

"हे काय?"

"झाला!" तो म्हणाला. चेहरा नुकत्याच पॉलिश केलेल्या लाकडासारखा. "आवडला?"

"मी बरोबरीनं म्हटलं होतं."

"म्हटलं होतंत. पण बरोबरीनं केला तर पावसाचं पाणी सरळ घरात येतं. म्हणून एक पायरी खाली घेतला. सगळीकडे असाच करतात."

"वर घ्या."

"अहो, पाणी—"

"येऊ दे पाणी."

"एवढी एक पायरी उतरायला काय जातंय तुम्हाला?"

याचं उत्तर मला येत होतं, आणि खिडकीतली शाल बघून ते देता येत नव्हतं.

"मला तसाच हवाय," मी म्हणाले.

"हट्ट आहे हा नुसता."

"आहे."

"सगळं उचकटावं लागेल! मुद्दाम वाईट काम मी करत नाही. दुसरा सुतार बघा मग." त्यानं पिशवी उचलली. ओटा इतका छान झाला होता की त्याच्याकडे बघवत नव्हतं. त्याच्या पाठीकडेही.

पुढचे दिवस अंगण गप्प होतं. मी ऑफिसात इतके अर्ज फेटाळले की साहेबांनी कौतुक केलं. घरी आत्या खिडकीत बसायची, पण तिची शिट्टी ऐकायला अंगणात कुणी नव्हतं. शेवटी एका सकाळी तिनं शाल बाजूला टाकली.

"बोलव त्याला."

"आत्या, तूच म्हणाली होतीस की—"

"मी काय म्हणाले होते ते मला शिकवू नकोस. चादर काढ त्या खुर्चीवरची."

तो आला. चेहरा आवळलेला, हात खिशात. ओट्यावर उभा राहिला आणि म्हणाला, "हं, बोला."

आतून चाकांचा आवाज आला. आत्या स्वतःच्या हातांनी खुर्ची ढकलत दारापर्यंत आली. पुढची चाकं फरशीच्या कडेला थांबली. खाली पायरी. पायरीच्या पलीकडे सगळं अंगण.

"मिस्त्री," ती म्हणाली, "माझी हद्द इथं संपते. ती तेवढी पुढं सरकव."

तो ओट्यावर मटकन खाली बसला. त्यानं चाकांकडे बघितलं, मग पायरीकडे. मी मनाशी म्हटलं, आता हा हळू आवाजात बोलणार, आणि आत्याच्या दृष्टीनं कायमचा संपणार.

"आत्याबाई, एवढे दिवस मला शिट्ट्या मारल्यात," तो म्हणाला. "एकदा तोंडानं सांगितलं असतं तर?"

"सांगितलं असतं तर तू माझ्याशी हळू बोलला असतास."

"हळू?" तो उठून उभाच राहिला. "सगळा ओटा उचकटायचाय मला! प्रत्येक स्क्रू! खालचे खांब बदलायचे! हळू कोण बोलतंय? डोकं फिरलंय माझं!"

"हां," आत्या समाधानानं म्हणाली. "आता कसं."

मग तो माझ्याकडे वळला. "आणि तुम्ही? कारण सांगायला काय झालं होतं?"

"ते माझं नव्हतं सांगायचं."

त्यानं खिशातून फोन काढला. "ताई, पुढच्या आठवड्यात येतो ताई. नाही ताई... हो ताई, नक्की." कुठल्यातरी ताईचा उद्या माझ्यामुळे लांबला होता. मला वाईट वाटायला हवं होतं.

ओटा पुन्हा उभा राहिला. या वेळी फरशीच्या बरोबरीनं, इतका की हात फिरवला तर दार कुठं संपलं ते बोटांना कळू नये. दारापुढं त्यानं एक अरुंद फट ठेवून तिच्यावर लोखंडी जाळी बसवली, आणि फळ्यांना बाहेरच्या बाजूला किंचित उतार दिला.

"पाणी आलंच तर जाळीतून खाली जाईल," तो म्हणाला. "जायला पाहिजे."

"पाहिजे म्हणजे?"

"असं मी आधी कधी केलेलं नाही."

शेवटचा स्क्रू बसला त्या संध्याकाळी आभाळ भरून आलं. तिघंही मागच्या दाराशी जमलो. आत्या खुर्चीत आणि आम्ही दोघं तिच्या मागं. पाऊस आला. ओट्यावर नाचला, फळ्यांवरून घरंगळला, वाऱ्याबरोबर दारापर्यंत आला... जाळीशी अडखळला... आणि मुकाट खाली गेला. फरशी कोरडी. त्यानं सोडलेला श्वास माझ्या मानेला लागला.

"सगळ्या जगाला ताई म्हणता," मी पाण्याकडे बघत म्हणाले. "मला एकदाही नाही."

"लक्षात आलंय होय..."

"आत्याच्या आलं."

"आत्याबाई फार बारीक बघतात."

"आज काम संपलं. जायच्या आधी एकदा म्हणून टाका."

पाऊस थोडा कमी झाला. ऐकण्यासाठी असेल.

"स्क्रू चुकीचा बसला तर उलटा फिरवून काढता येतो," तो म्हणाला. "ताई एकदा म्हटलं की... नाही काढता येत."

"मग?"

"मग नाही म्हणणार. आज नाही, आणि पुढंही कधी नाही."

नकार कळवण्यात माझं आयुष्य गेलं होतं. ऐकून इतकं बरं वाटलेला हा पहिलाच. मी वळून पाहिलं. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि डावा डोळा मिटला. सावकाश. मन लावून. हातात फळी नव्हती.

"बाक आहे का?" मी विचारलं.

"थोडा आहे."

"काढणार?"

"छे. आहे तसाच छान आहे."

शिट्टी वाजली. "झालं असेल तर पाऊस थांबलाय," आत्या म्हणाली, आणि आमच्याकडे न बघता चाकांना हात घातला. चाकं जाळीवरून खडखडत गेली, दार मागं पडलं. ओल्या फळ्यांवर दोन सरळ रेघा उमटत गेल्या, थेट लिंबापर्यंत. ओट्यावर वाकलेल्या फांदीचं एक पान तिनं तोडलं, चुरगळलं, हुंगलं. आमच्याकडे पाठ होती तिची. ती पाठ तशीच राहू द्यावी, इतकं आम्हा दोघांनाही कळलं.

लग्न झालं. पावसाळी संध्याकाळी ओट्यावर दोघांनी शेजारी शेजारी बसावं, हातात गरम कप, समोर ओलं झाड, असं मी ठरवलं होतं, आणि मी ठरवलेलं सोडत नाही हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण आत्या सकाळी जी ओट्यावर जाते ती अंधार पडेपर्यंत आत येत नाही, आणि आम्ही दारात दिसलो की शिट्टी मारते. आम्ही खिडकीत बसतो. तिथं खुर्ची एकच आहे.